उपाय चहानंतर

"साबन वर नको, जने! साबन वर नको म्हनून कितीदा सांगू?"

धाकू कातळावरून ओरडला. ओरडताना त्याने हातातला दांडा दोनदा आपटला, कारण नुसत्या ओरडण्याला जनी भीक घालत नाही हे त्याला ठाऊक होतं. ती दांड्यालाही घालत नव्हती. ती साबणाच्या हद्दीचा चिरा होता त्याच्याखाली वाकून गोधडी चुबकत होती.

"डोळे फुटले काय तुजे? चिऱ्याच्या खाली हाय मी."

"तू खाली हायस. फेस वर येतोय."

"फेस कंदी वर चढतो काय रे? पानी खाली जातं का वर?"

"वारा हाय."

"मग वाऱ्याला सांग. त्याच्या बापाचा राखन्या हायस ना तू!"

एवढं बोलून जनीने गोधडी उचलली आणि चार पावलं आणखी खाली गेली. शिव्या देत गेली, पण गेली. भावळ्यात नियम असेच पाळले जात. पाळणारा आधी राखण्याचा बाप काढी आणि मग पाळी.

पालीच्या बाजारातून आत सहा मैल गेलं की भावळे लागतं. गावाची नदी शिमग्यानंतर मरायला लागते. वाहतं पाणी तुटतं, चार डोह उरतात, त्यातले तीन एप्रिलात फुटक्या मडक्यासारखे कोरडे पडतात. चौथी ही कोंड. वर कोंडजाईचं देऊळ, खाली काळा कातळ, आणि कातळाच्या कुशीत पुरुषभर खोल हिरवं पाणी. गावच्या नळाची मोटर इथंच, गुरं इथंच, आणि दिवाळीपासून वैशाखी पुनवेपर्यंत कोंडीत जाळं तर सोडाच, गळाचा दोरासुद्धा कोणी बुडवायचा नाही. पुनवेला देवीला नारळ फुटला की चुलीमागं एक पाग, म्हणजे फेकजाळं, पाण्यात उतरायची. तळहाताहून लहान मासा परत पाण्यात. बाकीचे काठावर कुड्याच्या पानांवर मांडायचे, चौऱ्याऐंशी चुलींचे चौऱ्याऐंशी वाटे. जनीसारख्या एकट्या विधवेला बारा माणसांच्या घराएवढाच वाटा. घराला कुलूप लावून मुंबईला गेलेल्याला निम्मा, आणि तो कोणाकडे ठेवला यावरून पुढच्या शिमग्यापर्यंत फोनवर भांडणं. हे सगळं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पंचायतीच्या दप्तरात कोंडीची नोंद 'पाण्याचा खड्डा' अशी होती.

धाकूच्या बापाने ही राखण केली, आजाने केली. धाकूला एकतीस वर्षं झाली. त्याला मिळायचं काय? पहिला मळ्या मासा, आणि देवळासमोर गुरव सगळ्या गावादेखत हाळी द्यायचा, "राखन्या धाकू, तुजी राखन आईनं मानली!" त्या एका हाळीसाठी हा माणूस सहा महिने तापल्या कातळावर बसायचा. आनंदीबाई, त्याची बायको, म्हणायची, "माज्याशी लगीन केलान तवा येवडा खूश नव्हता."

आणखी एक होती. कातळाच्या फटीत राहणारी वाम. सापासारखा हा मासा हातभर लांब, मनगटाएवढा जाड, पाठीवर शेवाळ्याचा रंग. तिला सगळे म्हातारी म्हणत. कोणाच्या पागेत आली तरी तिला परत सोडायचं, ही रीत. दुपारी धाकू भाताची मूठ पाण्याशी धरी आणि म्हातारी फटीतून सावकाश येऊन त्याच्या बोटांना तोंड लावी. त्याची मुंबईची नात सानवी गेल्या मे महिन्यात हे बघून वेडी झाली होती. आत्ताही दर रविवारी तिचा फोन यायचा. आजी-आजोबांची चौकशी झाली की विचारायची, "आजोबा, म्हातारीला सांगितलंत ना मी येतेय म्हणून?"

"सांगितला गो. वाट बगत्ये."

पुनवेला आठ दिवस उरले होते. जनी गोधडी पिळून गेली आणि बाबल्या फटफटीवरून आला. बाबल्या गावचा पाणीवाला. मोटर चालू करणं, बंद करणं आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर जपणं ही त्याची तीन कामं. पावडरीचा पिंप पंचायतीच्या खोलीत होता. पावसाळ्यात विहिरीत टाकायला घराघरात पिशवीही वाटलेली होती, आणि ती घराघरात तशीच पडून होती.

"धाकूदादा, उद्या तीनला शाळेत यायचा हाय. शिटीतून पोफेसर येतायत. भाषन हाय. हजेरी घेनार, चाय-बिस्कुट देनार."

"मी येऊन काय करू? हितं कोन बसंल?"

"सगला गाव तिकडं, तं हितं येनार कोन? आनि तुजा सत्कार हाय."

"कशाचा?"

"कोंड राखलीस म्हनून."

"ती काय पळून चाललेली?" धाकू म्हणाला. पण घरी जाऊन त्याने आनंदीबाईला धुतलेली टोपी काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत पन्नास-साठ माणसं बाकांत गुडघे कोंबून बसली. प्राध्यापक देवस्थळी सज्जन गृहस्थ होते. सज्जन माणसाने केलेल्या नुकसानाची भरपाई मागता येत नाही, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी पहिल्यांदा धाकूच्या खांद्यावर किरमिजी शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. शाल लोकरीची होती, मे महिना होता. धाकूने ती काढली नाही.

मग फळ्यावर एक गोल काढून देवस्थळी म्हणाले, "समजा, हा एक डोह आहे. सगळ्यांचा. म्हणजे कोणाचाच नाही. यात मासे आहेत. आता मला सांगा, शहाणा माणूस काय करील?" त्यांनी धाकूकडे बोट केलं. "तुम्ही सांगा."

धाकू उभा राहिला. "वाट बगील."

"कसली?"

"पुनवेची."

देवस्थळी कौतुकाने हसले. "हे तुम्ही श्रद्धेनं बोलताय. शास्त्र काय म्हणतं पाहा. मी आज एक मासा जास्त धरला, तर तो सबंध माझा. पण त्यामुळं डोहाचं जे नुकसान झालं ते सगळ्यांत वाटलं गेलं. तुमच्या गावात चुली किती?"

"चौऱ्याऐंशी," वरच्या वाडीचा काशीराम म्हणाला. काशीराम गावचा मानकरी. आकडा त्यानेच सांगायचा असतो.

"म्हणजे फायदा पुरा माझा, आणि तोट्यातला माझ्या वाट्याला आला चौऱ्याऐंशीवा भाग. मग मी का थांबावं?"

बाकांवर बोटांनी हिशेब सुरू झाला.

"आणि जो थांबला त्याचं काय?" मागून बाबल्याने विचारलं. शाळा सुटल्यापासून त्याने आयुष्यात विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

"छान प्रश्न! तो थांबेल, पण बाकीचे थांबतील याची त्याला खात्री आहे का? नाही. ते धरून नेतील. त्याच्या हाती राहील रिकामा डोह. हिशेबाच्या भाषेत थांबणारा मूर्ख ठरतो." त्यांनी फळ्यावर 'मूर्ख' हा शब्द लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. "आणि मुंबईहून माणसं आली की वाटेकरी वाढतात. म्हणजे घाई आणखी वाढते. जगभर असेच डोह संपले, कुरणं संपली, रानं संपली. यावर उपाय आहेत. फार सुंदर उपाय आहेत. ते आपण चहानंतर बघू."

मग ते फळ्याकडे तोंड करून आलेख काढू लागले.

भावळ्याच्या माणसांनी कोंड शेकडो वर्षं सांभाळली ती काही फार थोर विचार करून नव्हे. आपण थांबलो तर दुसरा खाईल, हा हिशेब मांडायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आता रत्नागिरीहून माणूस येऊन तो फळ्यावर मांडून गेला. काशीरामने बाबल्याकडे पाहिलं. बाबल्याने जनीकडे पाहिलं. जनीने धाकूच्या शालीकडे पाहिलं.

"मोटर बंद करून येतंव," बाबल्या उठला. मोटर सकाळपासूनच बंद होती.

"जरा लघवीला," काशीराम म्हणाला.

"कोंबड्या उघड्या रवल्या माज्या," जनी पुटपुटली. तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

आलेख वर चढून खाली येईपर्यंत खोलीत धाकू सोडून अकरा माणसं उरली. त्यातली सहा झोपली होती.

धाकू उठला तो राखणीसाठीच उठला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, कारण पुढं त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही. शाल सावरत, नारळ काखेत मारून तो पाणंदीने धावत सुटला. कोंडीवर पोचला तर चिटपाखरू नव्हतं. पाणी निवांत होतं. मळ्यांची पोरं कडेकडेने फिरत होती.

तो कातळावर बसला. कोणी आलं नाही म्हणजे काय? पाग आणायला घरी गेले असणार. येणार तर आहेतच. मी एकटा. दांड्याने किती जणांना आवरणार? काशीरामला दांडा दाखवला तर उद्या देवळात मान कोणाचा? आणि समजा मी आवरलं नाही, तर पुनवेला इथं काय उरणार? गुरव हाळी कसली देणार? फळ्यावरचा तो शब्द त्याला पाण्यात दिसायला लागला. खाली दोन रेघा.

एकतीस वर्षांत धाकूने एकही मासा चोरला नव्हता. मोह होऊन त्याने तो दाबला होता असंही नाही. मोह होतच नव्हता. आज पहिल्यांदा झाला, आणि सवय नसल्यामुळं त्याला तो अक्कल वाटला.

घर हाकेवर होतं. पडवीच्या आढ्याला पावडरीची पिशवी टांगलेली होती. आनंदीबाई तांदूळ पाखडत होती.

"काय रे, भाषन सपला?"

"नाय. उपाय हायत अजून."

"मग ती पिशवी कशाला?"

"विहिरीत टाकतंव."

"विहिरीला पानी हाय कुठं?" ती म्हणाली, पण तो गेला होता.

निम्मीच टाकायची, असं त्याने ठरवलं. निम्म्या पावडरीने मासा मरत नाही, गुंगतो. चार मोठे काढून घ्यायचे, बाकीचे शुद्धीवर येतील. आपला वाटा तेवढा आपण आधी घेतला, चोरी कसली? वरच्या तोंडाशी बसून त्याने पिशवी सोडली. पांढरा धूर पाण्यात उतरला आणि नाकात झिणझिण्या आल्या.

पहिल्यांदा झिंगे उडाले. मग मळ्यांची पोरं उलटी होऊन पोटं चमकवू लागली. दोन, दहा, पन्नास. धाकू शाल पसरून मोठा मासा येण्याची वाट बघत होता. शिंगट्या वर आल्या. बेडूक वर आले. पाण्यातला साप वर आला आणि काठावर येऊन दोर टाकल्यासारखा पडला. निम्म्या पिशवीत एवढं होत नाही, हे त्याला कळत होतं. पाणी दुधासारखं झालं होतं, आणि दूध समोरच्या काठाकडूनही येत होतं.

तेवढ्यात फटीतून म्हातारी आली. ती पळाली नाही. उजेडात आली आणि वळवळत सरळ धाकूकडे निघाली. तिच्या डोळ्यांवर साय धरली होती. दुपारची वेळ होती, हात ओळखीचा होता. कातळाला येऊन तिने त्याच्या बोटांना तोंड लावलं, भात आहे का बघितलं, आणि तोंड उघडंच ठेवून राहिली.

"जा गो," धाकू म्हणाला. "आत जा. आत जा म्हनतंव ना!" त्याने तिला ढकलली. ती परत आली. तीनदा ढकलली, तीनदा परत आली. चौथ्यांदा ती यायची राहिली.

समोरच्या केवड्याच्या बनातून काशीराम बाहेर आला. त्याच्या हातात रिकामी पिशवी होती. वरच्या अंगाने बाबल्या आला, त्याच्या खांद्यावर पिंपच होता. चिऱ्याच्या खालून जनी आली. तिघांनी धाकूकडे पाहिलं, धाकूने तिघांकडे.

"किती टाकलास?" काशीरामने विचारलं.

"निम्मी. तू?"

"वाईच. मासे शुद्धीवर येतील येवडीच."

"मी पन वाईच," बाबल्या पिंप पाठीमागं लपवत म्हणाला. पिंपामागं बाबल्या लपला असता, बाबल्यामागं पिंप लपत नव्हता.

"मी काय विधवा बाई," जनी म्हणाली. "माजी ती कितीशी! तुमी येवडं टाकशाल म्हाईत असता तं मी टाकलीच नसती."

"माला वाटला तुमी येताव," धाकू म्हणाला.

"आमाला वाटला तू हितं नायस!"

 मग काशीराम पाण्यात उतरला, कारण मासे तर मेलेच होते, आणि मेलेले मासे सोडणं हा आणखी एक मूर्खपणा झाला असता. त्याच्या मागून बाबल्या, जनी, आणि पाणंदीतून टोपल्या घेऊन येणारे बाकीचे. ज्यांच्याकडे पावडर नव्हती ते सर्वांत जास्त ओरडत होते. तळहाताचं माप कोणी लावलं नाही. जनी आणि काशीरामची सून एका मळ्यासाठी भांडल्या आणि तो दोघींच्या हातात दोन तुकडे झाला. धाकूने शाल भरली. वर म्हातारीला ठेवली.

शाळेत देवस्थळींनी वळून पाहिलं तेव्हा पाच माणसं जागी होती. शिपाई म्हणाला, "सगली कामाला गेली, सर." सर म्हणाले, "शेतकरी माणसं. वेळेची किंमत असते त्यांना." आणि त्यांनी उरलेल्या पाचांना उपाय सांगितले. स्थानिक लोकांनी स्वतः नियम करावेत, राखणदार नेमावा, आणि वाटे समान करावेत, असे ते उपाय होते.

आनंदीबाईने शाल उघडली आणि म्हातारी हातात घेतली. 

"हिला वळकतंस नव्हं?" तिने विचारलं.

"मेलीच व्हती."

"कोनी मारली?"

"सगल्यांनी."

"तू त्यात व्हतास का नाय, तेवडा सांग."

त्याने शाल झटकून दोरीवर टाकली. अन्न टाकू नये म्हणून तिने तिरफळं घालून तिखलं केलं. तिरफळांनी वास जात नाही असा मासा तिने आजवर शिजवला नव्हता. पहिला घास दोघांनीही गिळला नाही. कुत्र्याला घातलं, त्याने हुंगलं आणि तो अंगणात जाऊन झोपला. चौऱ्याऐंशी चुलींपैकी निम्म्यांवर त्या संध्याकाळी हेच झालं. नळाला सहा दिवस डोळ्यांतून पाणी काढणारं पाणी आलं. दोन म्हशी फुगून मेल्या, त्यातली एक जनीची. तिच्या दुधावर जनीचं घर चालत होतं. भाषणातलं गणित इथं थोडं चुकलं. नुकसान सगळ्यांत वाटलं जातं असं सर म्हणाले होते, पण म्हैस काही वाटली गेली नाही.

तिसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं. काशीराम मधोमध. त्याच्या बोटांची सालटी निघाली होती. बाबल्याचे डोळे लाल होते. अर्ध्या देवळाला नळाच्या पाण्यासारखा वास येत होता.

"कोंड नासली," काशीराम म्हणाला. "कोनी नासवली?"

"आईला कौल लावा," मागून कोणीतरी म्हणालं.

देवळात चुळबूळ झाली. गुरवाने तांदळाकडे हात नेला आणि काशीरामचा चेहरा पाहून मागं घेतला. "कशाला उगाच आईला तरास?" काशीराम म्हणाला. "डोळ्यांना दिसतंय तं. बाबल्या, आन ती."

बाबल्याने धाकूच्या दोरीवरची शाल आणली होती. किरमिजी शालीवर हाताएवढे पांढरे डाग पडले होते. पाण्यात उतरलेल्या बाकी पुरुषांनी त्या दिवशी पांढरी बनियनं घातली होती, नाहीतर काहीच घातलं नव्हतं, आणि बायकांची लुगडी तपासायला कोणी गेलं नव्हतं. पुरुषांत त्या दिवशी रंगीत कपडा एकाच्याच अंगावर होता, आणि तो त्याला गावाच्या वतीनेच घातला होता.

"राखन्या तू व्हतास का नाय?"

"व्हतो."

"मग राखलास काय?"

धाकूने एकेकाकडे पाहिलं. काशीरामकडे, बाबल्याकडे, जनीकडे. जनीने पदर तोंडाला लावला होता. तिची म्हैस गेली होती, तिच्याकडे बघवलं नाही. नावं घ्यायला तोंड उघडलं असतं तर त्यात पहिलं नाव त्याचंच आलं असतं.

"माजी चूक झाली," तो म्हणाला.

सगळ्या देवळाने श्वास सोडला. दंड म्हणून देवीला पाच नारळ आणि राखण्याचा मान बंद. राखण मात्र चालू, कारण फुकटात कातळावर बसणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचा मुलगा नितेश बायकोपोरीला घेऊन आला. सानवीने पिशवी टाकली, ताटातला भात मुठीत घेतला आणि ती धावली. धाकू मागून गेला. ती कातळावर पालथी पडून फटीशी हात धरून राहिली.

"आजोबा, ती येत का नाही?"

"झोपली असंल."

"मी थांबते."

सावल्या लांब होईपर्यंत ती थांबली. भात हातातच वाळला. नळाच्या पाण्याने पोट बिघडून ती माणसं चौथ्या दिवशी मुंबईला परत गेली. रविवारचा फोन अजून येतो. म्हातारीचं नाव ती काढत नाही. पोरं लवकर शहाणी होतात.

यंदाच्या मे महिन्यात देवस्थळी सर वीस विद्यार्थी घेऊन आले. आदल्या वर्षीच्या सत्कारावर त्यांनी लेख लिहिला होता, त्यावरून कोणत्या तरी संस्थेने गावाला बक्षीस दिलं. कोंडीवर निळा बोर्ड लागला, 'येथे मासे धरण्यास सक्त मनाई आहे. आदर्श सामुदायिक जलव्यवस्थापन, भावळे.' काशीरामने फीत कापली. सरांनी धाकूला नवी शाल घातली.

वेदिका नावाची चष्मा लावलेली मुलगी वही उघडून त्याच्याजवळ आली. "आजोबा, नियम कोणी मोडतं का?"

"वरीस झाला. एक मासा कोनी धरला नाय."

तिने ते लिहून घेतलं. मग पाण्यात डोकावून म्हणाली, "पण मासे दिसत नाहीत ते?"

धाकूने बोर्डाकडे बोट केलं. "बंदी हाय ना."

तेवढ्यात खाली जनी गोधडी घेऊन आली. तिने चिरा ओलांडला, सरळ वरच्या पाण्यात आली, आणि बसून साबण काढला. धाकूचं तोंड सवयीने उघडलं.

"साबन वर नको, जने!"

जनीने मान वर करून पाहिलं. म्हैस मेल्याला वर्ष झालं होतं. "आता कोनासाठी रे, मेल्या?" ती हळूच म्हणाली. पण पाहुणे बघत होते, बोर्ड होता, गावाची अब्रू होती. ती उठली आणि चिऱ्याच्या खाली गेली.

"बघा!" देवस्थळी सर विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "हे पुस्तकात मिळत नाही. लिहून घ्या."

वीस जणांनी लिहून घेतलं. धाकूने कमरेच्या फडक्यातली भाताची मूठ काढली आणि फटीशी पाण्यात सोडली. भात पाण्याखालच्या कातळावर बसला. पाहुणे चहा घेऊन गेले, उन्हं उतरली, गुरं पाणी पिऊन गेली, तरी तो तिथंच तसाच पडून होता.